इथे टिचकी मारू नका

स्वतःचं संकेतस्थळ स्वतः बांधायला घेतलं की माणूस रंगांवर रात्री जागवतो. लिंककडे कोण बघतं? निळी अक्षरं, खाली रेघ, दाबलं की पोचलं. पोचतो आपण हमखास. कुठे, ते लिंकच्या लहरीवर.

माझ्या संगणकावर माझ्या लिंका अगदी गुणी होत्या. सगळं सर्व्हरवर चढवलं आणि त्यांना बाहेरचं वारं लागलं. छायाचित्रांच्या पानावर जावं तर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. फाइल तर तिथेच बसलेली! मग कळलं की फाइलच्या नावात कॅपिटल पी आहे आणि लिंकमध्ये स्मॉल. विंडोज अशा बाबतीत फार चौकशी करत नाही, पण लिनक्सच्या सर्व्हरच्या लेखी या दोन पींची एकमेकांशी ओळखही नसते.

दुसरी एक लिंक बाहेर जायलाच तयार नव्हती. पत्त्याआधी एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा नसल्या, तर ब्राउझरला वाटतं, ही घरातलीच फाइल. मग तो ती माझ्याच फोल्डरांत शोधत बसतो आणि नाही सापडली म्हणून माझ्यावरच ४०४ फेकतो.

लिंक संपल्याची खूण एके ठिकाणी गळाली, तेव्हा तर तिथून खालचं सगळं पान निळं झालं. ‘सर्व हक्क राखीव’सुद्धा. ते दाबलं की हवामानाचा अंदाज उघडे. मावशीने आवर्जून फोन केला, "निळा रंग छान निवडलास हो!"

मराठीच्या अभिमानापायी एका पानाला ‘माझी-ओळख’ असं नाव दिलं. दिसायला झकास. पण पत्ता कॉपी करून मित्राला पाठवला, तर नुसता टक्क्यांच्या चिन्हांचा पाऊस. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात एकेका बाइटची तीन अक्षरं होतात. एवढ्याशा ओळखीची चौसष्ट अक्षरं! कला एकही नाही. मित्राने व्हायरस समजून ती उडवली.

आणि दुरुस्ती केली तरी ती दिसेल असं कुठे आहे? ब्राउझर कॅशमधलं, म्हणजे आधी साठवून ठेवलेलं, जुनंच पान पुढे करतो. आपण बरोबर असलेली ओळ पुन्हा सुधारत बसतो आणि मग ती खरोखरच बिघडते.

पण हे झाले घरचे तंटे, मिटवता येतात. दुसऱ्यांच्या पानांकडे जाणाऱ्या लिंकांचं काय करायचं? चांगले पत्ते बदलत नसतात, असं वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं. जग बदलत राहिलं. वेबवरची लिंक एकतर्फी असते, आपण कोणाकडे बोट दाखवतोय हे समोरच्याला माहीतच नसतं. तो पान हलवतो, पुसतो, डोमेनची मुदत संपू देतो. ४०४ मिळालं तर मी आभारच मानतो, निदान तोंडावर ‘नाही’ म्हणतं.

शेवटी लिंका तपासणारं एक सॉफ्टवेअर चालवलं. सगळीकडे २००, म्हणजे ठीक. सहज एक उघडून पाहिली. पक्षिनिरीक्षणाच्या पानाची लिंक होती. पत्ता तोच, आत मात्र ऑनलाइन रमी. सॉफ्टवेअरच्या मते तेही ठीकच.

ती काढायला बसलो, तर मावशीचा निरोप आला. बाकीच्या लिंकांचं काय करायचं ते कर म्हणाली, पक्ष्यांची तेवढी राहू दे, सध्या ती जिंकतेय.