तांबडी, स्वयंपाकघराचा उंबरा आणि आमचे शहाणपण

गेल्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या तांबडीने स्वयंपाकघरात पाऊल टाकणे बंद केले. आदल्या रात्रीपर्यंत आईच्या पायांत घुटमळणारी, भाकरी थापल्याचा आवाज आला की ओट्याखाली हजर होणारी ही कुत्री सकाळी उंबऱ्याशी येऊन थबकली, मान खाली घालून आत पाहत राहिली आणि मागच्या मागे वळून सोप्यात जाऊन बसली. एखाद्या दिवसाचे रुसणे असेल म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले. आठवडा उलटला तरी ती उंबरा ओलांडेना, तेव्हा मात्र घरातला प्रत्येक जण आपापल्या मगदुराप्रमाणे तज्ज्ञ झाला. त्या तज्ज्ञांमध्ये मीही होतो, आणि माझे जे चुकले ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

तांबडी गावठी आहे, पाच वर्षांची आहे आणि तिच्या रंगावरून हे नाव पडले आहे. कोल्हापुरात कुत्रीचे नाव तांबडी असल्यावर पाहुणे ‘मग पांढरी कुठं आहे?’ असे विचारणारच, तो विनोद आम्ही पाच वर्षे सोसतो आहोत. आमचे घर मंगळवार पेठेतले जुने, खाली शहाबादी फरशीचे, पावसाळ्यात भिंतींना ओल धरणारे. स्वयंपाकघराचे मागचे दार परसात उघडते आणि त्या दाराशेजारीच फ्रीज आहे. पावसाळी गारठ्यात फ्रीजची बाजू कोमट लागते, म्हणून तांबडीची झोपायची जागा नेमकी तिथेच, पाठ टेकून. हा तपशील तेव्हाच लक्षात आला असता तर पुढचे बरेच काही टळले असते.

आईचे म्हणणे, तिला नजर लागली. मुलाचे म्हणणे, नव्या मिक्सरचा आवाज सहन होत नसेल. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासचेही येतात, त्यामुळे आपल्या लेखी शांत असलेली खोली त्याच्या लेखी शांत असेलच असे नाही. परंतु मिक्सर बंद असतानाही ती आत येत नव्हती. शेजारच्या एका काकांनी झोपेची अर्धी गोळी देण्याचा सल्ला दिला. माणसांची औषधे कुत्र्यांना मनाने देऊ नयेत, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसारख्या घरोघरी सापडणाऱ्या गोळ्यासुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकतात, एवढे मला ठाऊक होते म्हणून तो सल्ला तिथेच थांबला.

मी ऐकला तो दुसरा सल्ला. गावाकडून आलेले एक पाहुणे म्हणाले, “साखळी लाव आणि ने ओढत आत. दोनदा नेलंस की भीती मोडते बघ.” मला ते पटले, कारण आपण लहानपणी पोहायला असेच शिकलो, विहिरीत ढकलून. मी तांबडीला पट्टा लावला आणि ओढले. तिने चारही पाय फरशीला रोवले, नखांचा कर्रकर्र आवाज झाला आणि उंबऱ्याच्या आत दोन हात गेल्यावर ती जागच्या जागी मुतली. पाच वर्षांत घरात असे कधी झाले नव्हते. आई काही बोलली नाही, तिने फडके आणून फरशी पुसली. त्यानंतर दोन दिवस मी हातात पट्टा घेतला की तांबडी फिरायला निघण्याऐवजी पलंगाखाली जात होती. स्वयंपाकघराच्या भीतीत मी पट्ट्याच्या भीतीची भर घातली होती.

भीतीच्या विषयात भित्र्याला एकदम बुडवून काढण्याच्या या पद्धतीला ‘फ्लडिंग’ म्हणतात. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावाला या शब्दाचा अर्थ निराळा सांगायला नको. पुराच्या पाण्यात सापडलेला माणूस गप्प होतो याचा अर्थ त्याला पाण्याची सवय झाली असा कोणी काढत नाही. कुत्रे झटापट थांबवून निमूट उभे राहिले की मात्र आपण ‘बघ, सुधारले’ म्हणतो, जरी त्याने केवळ हार मानलेली असली तरी.

पशुवैद्यांकडे मी यानंतर गेलो, खरे तर पहिल्याच दिवशी जायला हवे होते. त्यांनी पंजे, कान, दात, पाठीचा कणा, मागचे सांधे असे सगळे चाचपून पाहिले. दुखणे असले की कुत्रे दुखण्यालाच भीत नाही, जिथे दुखले त्या जागेला भिऊ लागते, असे त्यांनी समजावले. कसबा बावड्यातल्या माझ्या एका मित्राच्या लॅब्राडोरचे असेच झाले होते. घरात जुनी फरशी काढून गुळगुळीत टाइल बसवल्या, एकदा मागचे पाय घसरून तो आपटला, आणि नंतर दिवाणखान्याच्या कडेकडेने भिंत धरून चालू लागला. तपासणीत खुब्याच्या सांध्याचा दोष निघाला. औषध सुरू करून सतरंज्या अंथरल्यावर त्याचे चालणे पूर्ववत झाले. वय झालेल्या कुत्र्याला अंधुक उजेडात दिसेनासे होते म्हणूनही ते एखाद्या खोलीला अडते. तांबडीला यातले काही नव्हते. डॉक्टरांनी एकच काम सांगितले: ती नेमकी कुठे थांबते, केव्हा थांबते आणि कोणत्या दिशेला पाहते, ते चार दिवस लिहून ठेवा.

एरवी वही फक्त दूधवाल्याच्या हिशेबाला वापरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे काम पोरकट वाटले. पण तिसऱ्याच दिवशी नोंदींतून एक गोष्ट दिसू लागली. तांबडी उंबऱ्याशी बसून ओट्याकडे पाहत नव्हती, गॅसकडे नाही, मिक्सरकडे नाही. ती फ्रीजकडे पाहत होती. फ्रीज गप्प असताना ती उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसे, आणि कॉम्प्रेसर सुरू होऊन घरघर लागली की कान मागे पाडून उठून जाई. जाताना जीभ बाहेर काढून नाकावरून फिरवी, जांभई देई. ही जांभई झोपेची नसते, अस्वस्थपणाची असते, हे मला पाच वर्षे कुत्रे पाळूनही ठाऊक नव्हते.

वायरमनला बोलावले. त्याने फ्रीजच्या पत्र्याला टेस्टर लावला आणि टेस्टरमधला दिवा लागला. प्लग उघडून पाहिला तर अर्थिंगची तार निसटून आत मोकळी लोंबत होती. तो म्हणाला, “बॉडीला करंट यायलाय ओ साहेब. कुत्र्याला कळलं, तुम्हाला कळंना व्हय?” आम्हाला कळण्याचे कारणच नव्हते. आईला टाचदुखीमुळे घरात रबरी चपला घालायला सांगितले आहे, आम्ही उरलेले फ्रीजसमोरच्या पायपुसण्यावर उभे राहतो, आणि फ्रीजचे हँडल प्लास्टिकचे आहे. तांबडी मात्र परसातून आलेल्या पावसाच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर अनवाणी उभी राही, ओले नाक पत्र्याला लावी आणि अंग टेकून झोपू पाही. कुत्र्याला घाम येतो तोही प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांना, म्हणजे वीज वाहून जायला वाट तयारच. जनावरे पाळणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. गोठ्यातल्या लोखंडी कुंडीत थोडीशी वीज उतरली तरी म्हैस पाण्याला तोंड लावत नाही, आणि मालक मात्र चारा बदलून पाहत बसतो.

तार जोडली, मुख्य बोर्डावर आरसीसीबी बसवून घेतला. विजेची गळती ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्याच्या आत घराचा पुरवठा तोडणारे हे लहानसे यंत्र जुन्या घरांतून बहुधा नसते. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी, कुत्रे असो वा नसो, ते बसवून घ्यावे. तांबडीच्या जागी त्या ओल्या फरशीवर रांगणारे मूल असते तर काय झाले असते, हा विचार मी अजूनही पूर्ण करू शकत नाही.

दोष गेला, आता ही उद्या आत येईल, असे मला वाटले. ती आली नाही. विजेची तार अर्ध्या तासात जोडता आली, पण फ्रीजची घरघर आणि अंगाला बसलेला झटका यांची तिच्या मनात जुळलेली जोडी तशीच राहिली. माझ्या अनुभवात लोकांचा धीर सुटतो तो इथे. कारण दूर केले, तरी हे भितेच आहे, म्हणजे हे नाटक करते आहे, असा निष्कर्ष काढून पुन्हा पट्टा हातात घेतला जातो.

भीती अशी चिकटते हे मानसशास्त्राने फार पूर्वी दाखवले आहे, आणि तेही फारशा अभिमानास्पद रीतीने नाही. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अल्बर्ट नावाने प्रसिद्ध झालेल्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवून त्याच वेळी लोखंडी दांड्यावर हातोडा मारला, आणि काही वेळा असे केल्यावर मूल नुसत्या उंदरालाही भिऊन रडू लागले. या प्रयोगाची कथा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स यांनी उलटी वाट दाखवली, ती कथा तुलनेने कमी सांगितली जाते. सशाला भिणारा पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा आवडीचे खाणे खात असताना त्यांनी पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला आणि तो खाण्यात रमलेला राहील इतक्याच बेताने दिवसेंदिवस जवळ आणला. शेवटी पीटर त्या सशाशी खेळू लागला. कुत्र्यांची भीती घालवण्याची आज सांगितली जाणारी पद्धत मुळात हीच आहे. यातला सगळा जीव ‘बेताने’ या शब्दात आहे, कारण ससा एकदम मांडीवर ठेवला तर मुलाला सशाऐवजी खाण्याचीच धास्ती बसायची.

आम्ही मिठाशिवाय उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे घेतले. रश्श्यातली फोड धुऊन द्यावी असे आईचे मत होते, पण कांदा आणि लसूण कुत्र्यांना बाधतात, आणि आपल्याकडचा रस्सा म्हणजे त्या दोहोंचाच संसार. हे तुकडे दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे, आणि फक्त स्वयंपाकघराच्या बाजूला मिळणार, घरात इतरत्र कुठेही नाही. पहिल्या दिवशी मी उंबऱ्यापासून सहा फुटांवर बसलो. तिने तुकडा घेतला, पण डोळे आत होते आणि मान ताणलेली. सात फुटांवर सरकलो तेव्हा ती खाऊन झाल्यावर माझ्याकडे पाहू लागली. मग तेच आमचे अंतर ठरले. आवडीचे खाणेही कुत्रे घेईनासे झाले तर बहुतेक वेळा आपण फार जवळ आलेलो असतो, ही खूण मला सर्वांत उपयोगी पडली. फ्रीजची घरघर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून सोप्यात अगदी बारीक आवाजात लावली आणि त्या वेळीही तुकडे दिले. ती नेहमी झोपते ते घोंगडे उंबऱ्याकडे रोज चार बोटे सरकवले. पुढे आत जाण्याच्या वाटेवर कोरडे गोणपाट अंथरले, म्हणजे झटका बसला तेव्हाची ओली गार फरशी तिच्या पायांना लागू नये. तिला हाक मारून आत बोलावायचे नाही, आणि बाहेर जाण्याची वाट अडवायची नाही, असा घरात नियम केला. मुलाने तो पाळला, मी दोनदा मोडला.

नवव्या दिवशी तिचे पुढचे दोन पाय आत असताना कुकरची शिट्टी झाली आणि सगळे मुसळ केरात गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात फुटांवर. त्या वेळी ती माझ्या मांडीला चिकटून बसली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा शेजारचे तेच काका म्हणाले, की लाड केल्याने भीती वाढते. हा समज फार पसरलेला आहे आणि मला तो साफ चुकीचा वाटतो. बक्षीस मिळाले की वागणूक वाढते हे खरे, पण भीती ही कुत्र्याने ठरवून केलेली वागणूक नव्हे, ती त्याला वाटते. घाबरलेल्या पोराला जवळ घेतले म्हणून ते पुढच्या वेळी मुद्दाम घाबरत नाही. कुत्र्याला आपण घरचे ‘बॉस’ असल्याचे दाखवून द्यावे लागते, हेही तसलेच एक शहाणपण. मी ओढून नेले तेव्हा तांबडीला बॉस कोण ते कळलेच होते, आणि त्याचा उपयोग काय झाला ते आईने फडक्याने पुसले होते.

गणपतीच्या दिवसांत आम्ही सगळे थांबवले. घरात पाहुणे, बाहेर ढोल आणि स्पीकरच्या भिंती, अशा वेळी तिला नवे काही शिकवणे म्हणजे अन्यायच. विसर्जनानंतर पुन्हा सुरू केले तेव्हा वाटले होते की पहिल्यापासून करावे लागेल, पण ती तीन फुटांवरूनच सुरू झाली. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी घोंगड्याजवळ बसलेलो नसताना, कोणी न बोलावता, आईच्या हातून खोबऱ्याचा तुकडा पडला त्याच्या मागे ती आत गेली. आईने मागे वळून पाहिले नाही, पोळी उलटत राहिली. मी सोप्यातून श्वास धरून पाहत होतो. तुकडा खाऊन ती दोन क्षण उभी राहिली, फ्रीजकडे एकदा पाहिले, आणि धावत नाही तर चालत बाहेर आली.

आता ती रोज आत जाते, पण फ्रीजला पाठ टेकून झोपत नाही. परसात जायचे असले की ओट्याच्या कडेने लांबचा वळसा घालते आणि तिथे ठेवलेल्या कांद्याच्या टोपलीला तिचे अंग घासते. परवा पाहिले तर आईने ती टोपली उचलून कपाटाच्या पलीकडे ठेवली होती.