रपुन्झेलच्या बापाबद्दल, आणि कात्रीबद्दलही

नमस्कार ताई,

रपुन्झेलची, म्हणजे मनोऱ्यात कोंडलेल्या लांब केसांच्या मुलीची, जुनी गोष्ट मी गिरणगावात आणून नव्याने लिहिली. तिच्याबद्दल तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देते. तुमचे आक्षेप तीन. मुलांच्या गोष्टीत मी उगाच भीषणपणा घुसडला. संपातल्या गिरणी कामगाराला पोटची पोर देऊन टाकणारा बाप दाखवून गिरणगावाचा अपमान केला. आणि बंद गिरणीच्या चिमणीत कोंडलेल्या मुलीला राजपुत्र शेवटपर्यंत सोडवत नाही, म्हणजे वाचणाऱ्या मुलींच्या पदरी निराशा.

भीषणपणाचं पटकन सांगते. जर्मन लोककथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंच्या 1812 सालच्या पहिल्या आवृत्तीत रपुन्झेल चेटकिणीला विचारते, माझे कपडे मला घट्ट का होऊ लागलेत? तिला दिवस गेलेत आणि तिचं तिलाच कळलेलं नाही. मुलांच्या पुस्तकात हे शोभत नाही म्हणून पुढच्या आवृत्त्यांतून तो प्रश्न गेला. रानात एकटीने जुळ्यांना जन्म देणं आणि राजपुत्राचे डोळे जाणं मात्र राहिलं. यातलं काही मी पदरचं घातलेलं नाही.

आता बाप. तुमचे आजोबा लालबागला गिरणीत होते, संपात एकवेळ जेवले पण कुणापुढे हात पसरला नाही, असं तुम्ही लिहिलंत. त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मूळ गोष्टीतही मुलगी देतो तो बापच. बायकोला शेजारच्या बागेतल्या भाजीचे डोहाळे लागतात, तो भिंत उतरून ती चोरतो, दुसऱ्या खेपेला सापडतो आणि घाबरून होणारं मूल कबूल करून बसतो. गोड केलेल्या गोष्टींतून हा माणूस बहुधा गायबच होतो. मग सगळं पाप चेटकिणीच्या माथी.

मला तो हवा होता, आणि तो 1982 च्या मुंबईत सापडला. 18 जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माझ्या गोष्टीतला बाप रुळांकडेच्या मळ्यातून मेथीची जुडी सदऱ्याखाली लपवून आणतो. बायको निवडायला बसते, मुळांची ओली माती परातीत पडते. बाजारची जुडी अशी नसते हे तिला कळतं, तरी ती विचारत नाही. या दोघांना मी दुष्ट केलेलं नाही. उपाशी माणूस देवासारखा वागला तरच त्याचा मान राहतो, हे मला मान्य नाही. तुमचे आजोबा आणि हा बाप एकाच चाळीत, भिंतीला भिंत लागून राहिले असतील.

राजपुत्राबद्दल माझं मन अजिबात बदलणार नाही. ग्रिम बंधूंच्या नंतरच्या आवृत्तीत रपुन्झेल त्याला सांगते, दर खेपेला रेशमाची एक लड आण, मी शिडी विणते. तो रात्री येतो, जातो. दुसऱ्या खेपेला सरळ दोर का आणत नाही? माझी सगळी गोष्ट या एका प्रश्नातून निघाली. चेटकीण तिच्या केसांवरून चढते, सोडवायला आलेलाही तिच्याच केसांवरून चढतो; दोघांचा भार तिच्या डोक्यावर. पुढे चेटकीण शिक्षा म्हणून ते केस कापते. बाईचे केस दुसऱ्याने कापण्याचा अर्थ आपल्याला परका नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली याच मुंबईत नाभिकांनी विधवांच्या केशवपनाला नकार दिला होता. म्हणून माझ्या गोष्टीत कात्री मुलीच्याच हातात आहे.

ती एकटी उरते हे खरं. पण शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा. चिमणीच्या बाहेरच्या लोखंडी पायऱ्या मधल्या टप्प्यात तुटलेल्या आहेत, आणि कापलेली वेणी नेमकी तेवढ्या टप्प्याला पुरते. तिने दुहेरी गाठ मारली आहे, ओढून पाहिली आहे. खाली आई-बाप नाहीत, चाळ नाही, गिरणीच्या जमिनीवर पत्रे ठोकलेत. राजपुत्र पाठवून मला हे झाकता आलं असतं. मला ते करायचं नव्हतं.

गोष्ट मोठ्यांसाठी आहे, तुमच्या धाकट्या भाचीला आत्ताच वाचून दाखवू नका. आणि आजोबांनी त्या दिवसांबद्दल काही लिहून ठेवलं असेल, किंवा आजी सांगत असतील, तर मला ते खरोखर वाचायचं आहे, ऐकायचं आहे. विशेषतः आजी त्या काळात घर कशी चालवत होत्या ते.