‘इन्सुलिन लागू पडेना, बंद करा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

टाइप वन मधुमेह असलेल्या एका आठवीतल्या मुलीच्या आजीने परवा तिच्या आईला एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला. रात्री त्या आईचा प्रश्न आला: ‘आजचं ग्लार्जिन देऊ की नको?’ ग्लार्जिन म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन. एवढ्यासाठीच हे लिहिणं. मजकूर थोडक्यात असा. काही वर्षांनी शरीराला इन्सुलिनची सवय लागते आणि ते काम करेनासं होतं. डोस वाढत जातो, हाच त्याचा पुरावा. तीन दिवस इन्सुलिन थांबवून फळांचा रस घेतला की शरीर ‘रीसेट’ होतं. मग रोज सकाळी इन्सुलिनच्या झाडाची दोन पानं चावायची. एका मुलाचा डोस असा 24 युनिटवरून 4 वर आला. डॉक्टर हे सांगत नाहीत, कारण औषध कंपन्या. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहेच.

‘तीन दिवस इन्सुलिन थांबवा’ यापासून सुरू करू. बाकीचं चुकलं तर पैसे जातील, हे चुकलं तर मूल जाईल.

टाइप वनमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मारलेल्या असतात. ‘रीसेट’ व्हायला आत फारसं काही शिल्लक नसतं. ‘जेवलीच नाही तर इन्सुलिन कशाला?’ हा प्रश्न शहाणीसुरती माणसंही विचारतात. आपण उपाशी असलो तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं, आणि त्याला आवर घालायला थोडं इन्सुलिन चोवीस तास लागतं. ते शून्यावर आलं की यकृत मोकाट सुटतं, चरबी वितळून कीटोन नावाची आम्लं तयार होतात, रक्त आंबट होत जातं आणि लघवीवाटे पाणी, मीठ, पोटॅशियम वाहून जातं. आधी तहान आणि वारंवार लघवी. मग मळमळ, उलट्या, पोटदुखी. घरोघरी याच टप्प्याला ‘अ‍ॅसिडिटी झाली’ म्हणतात आणि मोलाचे तास घालवतात. पुढे खोल, जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी. इथवर यायला एक दिवस पुरतो, इन्सुलिन पंपावरच्या मुलाला तर काही तासच. आणि वर फळांचा रस! ग्लासभर मोसंबीच्या रसात वीसेक ग्रॅम साखर असते.

इन्सुलिनविना ठेवण्याची ही थेरपी नवीही नाही. इन्सुलिन मिळण्याआधी टाइप वनच्या सगळ्याच मुलांवर ती सक्तीने होत होती. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन त्यांना जवळजवळ उपाशी ठेवत. मुलं हाडांचे सापळे होऊन काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं जास्त काढत. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला शुद्ध केलेलं इन्सुलिन टोचलं आणि तो पुढे तेरा वर्षं जगला. जुनं उदाहरण नको असेल तर 2016 घ्या. इंग्लंडमधल्या विल्टशायरमध्ये अंगावर चापट्या मारून बरं करण्याच्या एका कार्यशाळेत टाइप वनच्या 71 वर्षांच्या बाईंनी इन्सुलिन थांबवलं आणि तिथेच त्या गेल्या. कार्यशाळा घेणाऱ्याला डिसेंबर 2024 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

शुगर खरोखरच उतरत नसेल तेव्हा करायचं ते असं. लागोपाठ दोनदा 250 च्या वर दिसली, किंवा ताप-उलट्या आहेत, तर कीटोन तपासा. रक्तातले कीटोन 0.6 च्या खाली असतील तर ठीक. 0.6 ते 1.5 असतील तर पाणी, जादा डोस आणि दोन तासांनी पुन्हा तपासणी. 1.5 च्या वर डॉक्टरांना फोन. 3 च्या वर, किंवा उलट्या थांबत नसतील तर सरळ हॉस्पिटल. फक्त लघवीची पट्टी असेल तर दोन प्लसला सावध व्हा. जादा डोस सहसा दिवसभराच्या एकूण युनिटांच्या 10 ते 20 टक्के, तोही झटपट काम करणाऱ्या इन्सुलिनचा. आपल्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, रात्री दोन वाजता शोधाशोध नको. मीठ घातलेली पेज, पातळ ताक, पाणी घोटघोट चालू ठेवायचं. उलट्यांमुळे शुगर उलट खाली जात असेल तर गोड पेय द्या आणि डोस कमी करण्याबद्दल विचारा. बेसल, म्हणजे ग्लार्जिनसारखं चोवीस तासांचं इन्सुलिन, पूर्ण बंद मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही.

आता ‘सवय’. नाइलाजाने मान्य करतो, यात अर्धं सत्य आहे. इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. गाई-डुकराच्या इन्सुलिनच्या काळात त्यांचा त्रास बराच होता, आजच्या इन्सुलिनने क्वचित होतो, आणि तेव्हाही डॉक्टर इन्सुलिन बदलून देतात. वजन वाढलं, स्टेरॉइड चालू झालं, कुठे संसर्ग झाला, पाळीचे दिवस आले, तर तेवढ्यापुरतं इन्सुलिन कमी लागू पडतं, हेही खरं. पण आठवीतल्या मुलीचा डोस वाढण्याचं कारण बहुधा तिचं वय असतं. वयात येण्याआधी दिवसाला किलोमागे 0.7 ते 1 युनिट पुरतं. वयात येताना 1.2 च्या वर, कधी दोनपर्यंत लागतं. 45 किलोच्या मुलीला 54 युनिट लागली तर त्यात बिघडलं काहीच नाही.

तरीही डोस वाढवून शुगर हलत नसेल, तर शरीरावर आळ घेण्याआधी सिरिंजची टोपी बघा. आपल्याकडे बहुतेक बाटल्या मिलीलिटरला 40 युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. केशरी टोपीची 100 ची. दुकानदाराने केशरी दिली आणि 40 च्या बाटलीतून 10 च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात 4 युनिट. महिनाभर ‘इन्सुलिन लागू पडेना’! उलटी चूक जीवघेणी. पेन मोडलं म्हणून 100 च्या रिफिलमधून लाल टोपीच्या सिरिंजने 10 च्या रेघेपर्यंत काढलं, तर 25 युनिट जातात. टोपी हरवली असेल तर सिरिंजवर आणि बाटलीवर छापलेला आकडा जुळवा.

मग बोटांनी कातडी तपासा. त्याच त्या जागी टोचून चरबीच्या गाठी होतात आणि गाठीतून इन्सुलिन कधी झिरपतं, कधी अडकतं. स्पेनमध्ये इन्सुलिन टोचणाऱ्या 430 जणांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ 64 टक्क्यांना अशा गाठी सापडल्या. गाठी असलेल्यांपैकी 49 टक्क्यांची शुगर वरखाली होत होती. गाठी नसलेल्यांत हे प्रमाण होतं 6.5 टक्के. कारण नसताना हायपो होण्याचं, म्हणजे शुगर फार खाली जाण्याचं, प्रमाण 39 विरुद्ध 6 टक्के. गाठीवाल्यांना रोज सरासरी 56 युनिट लागत होती, बाकीच्यांना 41. फॉरवर्ड ज्याला ‘शरीराने इन्सुलिन नाकारलं’ म्हणतो, त्याचं हे इतकं साधं रूप असतं.

गाठ बऱ्याचदा दिसत नाही, हाताला लागते. आंघोळीच्या वेळी साबणाच्या बोटांनी पोट, मांड्या, दंड हलके चाचपा. रबरासारखा फुगीर भाग लागेल. मुलं हट्टाने तिथेच टोचून घेतात, कारण तिथे दुखत नाही. ती जागा काही महिने सोडा, प्रत्येक सुई आधीच्या जागेपासून बोटभर दूर. पण एक धोका आहे. चांगल्या कातडीत तेच इन्सुलिन पूर्ण लागतं आणि जुन्याच डोसने हायपो होतो. जागा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारून डोस उतरवा आणि पहिले काही दिवस पहाटे तीनलाही शुगर बघा. सुई 4 मिलिमीटरची, शक्यतो दरवेळी नवी. पेन वापरण्याआधी दोन युनिट हवेत सोडा, बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढा. दुधी रंगाचं इन्सुलिन दहा वेळा तळहातांत फिरवा, दहा वेळा वरखाली करा. जोरात हलवू नका.

उन्हाचं वेगळं सांगायला नको, तरी मे महिन्यात एसटीच्या डिकीत पिशवी टाकणारे भेटतातच. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्याला न चिकटवता. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी फेकायचं. उघडलेलं सावलीत, साधारण चार आठवडे; उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. फ्रिज नसेल तर दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात ठेवा. विदर्भाच्या कोरड्या उन्हात हे छान चालतं, कोकणच्या दमट हवेत फारसं नाही.

24 वरून 4 वर आलेला तो मुलगा? निदानानंतर काही आठवड्यांत उरल्यासुरल्या बीटा पेशी थोड्या सावरतात आणि डोस एकदम उतरतो. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. काही महिन्यांनी तो संपतो. त्या काळात पान चावा, अंगारा लावा, श्रेय त्यालाच मिळणार. फॉरवर्डमध्ये पुढच्या वर्षीचा डोस दिलेला नाही, यातच सगळं आलं.

इन्सुलिनच्या झाडाच्या पानात इन्सुलिन नसतं. असतं तरी पोटात पचून गेलं असतं, म्हणून तर सुई लागते. सुई सुटल्याची एक खरी गोष्ट आहे, तीही सांगतो. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या काही बाळांचा मधुमेह टाइप वन नसतोच, एका जनुकातल्या दोषाने होतो. जनुक तपासणीनंतर त्यातली बरीच मुलं डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांवर जातात. आठवीतली मुलगी त्यात बसत नाही.

कंपन्या धुतल्या तांदळासारख्या नाहीत आणि इन्सुलिन महाग पडतं, हे खरं. पण मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंद आहे, आणि या फॉरवर्डच्या शेवटी पानांची पूड मागवायला नंबर दिलेला आहे.

त्या आईला उत्तर दिलं: ग्लार्जिन नेहमीच्या वेळी, नेहमीइतकंच. उद्या आंघोळीच्या वेळी पोट चाचपा आणि सिरिंजच्या टोपीचा फोटो पाठवा.