‘दमतो तो आळशी’ या दाव्याला उत्तर

एक मजकूर गेली काही वर्षं वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दिवसाचे २४ तास सगळ्यांना सारखेच, शरीरही सगळ्यांचं सारखंच. तरी काही जण रात्रीपर्यंत तरतरीत असतात आणि काही दुपारीच गळून जातात, कारण पहिल्यांकडे इच्छाशक्ती असते आणि दुसऱ्यांकडे नसते. मग उपाय येतात. चयापचय ‘वेगवान’ करा, सहा तास झोप पुरेशी माना, पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, आणि थकवा आला तर तिकडे लक्ष न देता व्यायाम वाढवा.

यातल्या एका गोष्टीत तथ्य आहे. नियमित हालचालीने उत्साह वाढतो, आणि त्यामुळेच बाकीचा मजकूरही लोकांना पटतो. पण मूळ दावा चूक आहे आणि तो निरुपद्रवीही नाही. शरीरातला लोहाचा साठा संपत आलेली बाई किंवा झोपेत श्वास अडकणारा माणूस असं काही वाचून स्वतःलाच दोष देत राहतो आणि साधी तपासणीही करून घेत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘शरीर सगळ्यांचं सारखंच असतं’

१९९९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० किलोकॅलरी जास्त खायला दिलं. व्यायाम वाढवायला मनाई होती. शेवटी कोणाची चरबी ०.३६ किलो वाढली, तर कोणाची ४.२३ किलो. हा फरक मुख्यतः ठरवून न केलेल्या हालचालीतून आला होता: चुळबुळ, उठबस, येरझाऱ्या, ताठ बसणं. एका व्यक्तीत या हालचालीचा खर्च रोज जवळपास ७०० किलोकॅलरींनी वाढला, तर एकीत तो उलट थोडा घटला. यात कोणी जिद्द दाखवली नव्हती. जादा ऊर्जा मिळाल्यावर काहींचं शरीर आपोआप हलायला लागलं आणि काहींचं लागलं नाही. ‘तो एका जागी बसतच नाही’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याच्या बाबतीत बहुधा हेच घडत असतं.

दुसरा फरक हृदय, फुप्फुसं आणि स्नायूंच्या क्षमतेचा. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे तिचं माप. एक हिशोब पाहा. ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगाने चालायला दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे १५ मिलिलिटर प्राणवायू लागतो. ज्याची कमाल क्षमता ४५ आहे, त्याच्यासाठी हे एक तृतीयांश काम झालं. ज्याची २२ आहे, त्याला त्याच चालण्यासाठी क्षमतेचा दोन तृतीयांश भाग खर्च करावा लागतो. दोघं शेजारी शेजारी चालत असतात, एक गप्पा मारतो, दुसऱ्याला धाप लागते.

ही क्षमता व्यायामाने वाढते, पण सगळ्यांची सारखी वाढत नाही. ‘हेरिटेज’ नावाच्या अभ्यासात ९८ कुटुंबांतल्या ४८१ बैठ्या लोकांकडून २० आठवडे एकाच पद्धतीचा सायकलचा व्यायाम करून घेतला गेला. प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरने वाढली. पण काहींमध्ये ती जवळजवळ वाढलीच नाही आणि काहींमध्ये एक लिटरहून जास्त वाढली. या फरकाचा जवळपास निम्मा भाग घराण्याच्या वारशाशी जोडलेला निघाला. तेव्हा ‘मी केलं, तुला का जमत नाही?’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

‘तिशीनंतर चयापचय मंदावतो, तो वेगवान करा’

२०२१ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या एकूण ऊर्जाखर्चाची मोजमापं प्रसिद्ध केली. वयोगट आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंत. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतल्यावर २० ते ६० वर्षं या काळात खर्च जवळजवळ स्थिर दिसतो. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने घटतो. तेव्हा चाळिशीतली मरगळ चयापचयाच्या माथी मारता येत नाही. झोप, स्नायूंचं घटतं प्रमाण, कामाचा ताण किंवा एखादा आजार, यांपैकी काय आहे ते शोधावं लागतं.

शिवाय चयापचयाचा वेग आणि अंगातला उत्साह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की चयापचय खरोखर वाढतो. त्या रुग्णाचं वजन उतरतं, हात थरथरतात, छाती धडधडते आणि जिना चढताना मांड्यांत त्राण राहत नाही. चयापचय वेगवान आणि माणूस थकलेला!

‘सहा तास झोप पुरते’

जन्मतःच कमी झोप लागणारे लोक खरोखर असतात. यिंग-हुई फू यांच्या गटाने २००९ साली डीईसी२ या जनुकातला एक बदल दाखवला. तो असलेल्या व्यक्ती साधारण सहा तास झोपून ताज्यातवान्या असतात. पण असे बदल फार दुर्मीळ आहेत आणि सरावाने ते अंगी येत नाहीत. प्रौढांसाठी झोपतज्ज्ञांची शिफारस किमान सात तासांची आहे.

बाकीच्यांचं सहा तासांत काय होतं, ते हॅन्स व्हॅन डाँगेन आणि डेव्हिड डिंजेस यांच्या २००३ च्या प्रयोगात दिसतं. १४ दिवस रोज चार किंवा सहा तासच झोपू दिलेल्या निरोगी लोकांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग दिवसागणिक घसरत गेला. शेवटी ही घसरण पूर्ण जागून काढलेल्या एक-दोन रात्रींनंतर होते तेवढी झाली. आमच्या मते याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. झोप येते आहे, ही त्यांची स्वतःची जाणीव मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी वाढली नाही. आपण बिघडलो आहोत हे त्यांना कळतच नव्हतं. ‘मला सवय झाली आहे’ या वाक्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

स्वतःची गरज काढायची असेल तर उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तीच. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. गजराच्या आधी आपोआप जाग येऊ लागली आणि दुपारी पेंग येईनाशी झाली की थांबा. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, सुट्टीतल्या पहिल्या चार-पाच रात्रींवरून निष्कर्ष काढणं. त्या रात्री जुनी थकबाकी फेडली जात असते, त्यामुळे गरज फुगून दिसते. दुसरी, अंथरुणात घालवलेला वेळ म्हणजेच झोप असं धरणं. आठ तास आडवं पडून सहा तासच डोळा लागला, असं सहज होतं.

कॉफीचा हिशोबही यातच येतो. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, पण माणसागणिक हा काळ दीड ते साडेनऊ तास इतका बदलतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी होतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी तो जवळपास दुप्पट होतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणखी लांबतो. मैत्रीण संध्याकाळी सहाला कॉफी पिऊनही गाढ झोपते, म्हणून तुम्हालाही तसं जमेल असं नाही.

‘पहाटे पाचला उठणारेच पुढे जातात’

सकाळचा माणूस की रात्रीचा, हे बऱ्याच अंशी शरीरातल्या घड्याळावर ठरतं. २०१९ साली जवळपास सात लाख लोकांच्या जनुकीय माहितीतून या प्रवृत्तीशी जोडलेल्या ३५१ जागा सापडल्या. वयाप्रमाणेही घड्याळ सरकतं. किशोरवयात ते उशिराकडे जातं, विशीच्या आसपास सर्वांत उशिरा असतं आणि पुढे हळूहळू अलीकडे येतं. सकाळी न उठणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलावर ओरडण्याआधी घरच्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

घड्याळ अलीकडे आणता येतं, पण एका झटक्यात पाचला उठून नाही. शरीराचं तापमान रात्रीत सर्वांत कमी होतं ते नेहमीच्या जागं होण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास. त्यानंतर डोळ्यांवर पडलेला प्रखर प्रकाश घड्याळ अलीकडे ओढतो, त्याआधी पडलेला ते उलट पुढे ढकलतो. रोज साडेआठला उठणारा माणूस पाचला उठून लख्ख दिव्याखाली बसला, तर तो बहुधा चुकीच्या बाजूला पडतो. त्या रात्री त्याला आणखी उशिरा झोप येते, आणि चौथ्या दिवशी प्रयोग बंद. त्याऐवजी उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ ते ३० मिनिटांनी अलीकडे आणा, उठल्यावर लगेच अर्धा तास उघड्यावर जा आणि झोपायच्या आधीचे दोन तास दिवे मंद ठेवा. ढगाळ सकाळीही बाहेर हजारो लक्स (हे प्रकाशाचं माप) प्रकाश असतो. घरातल्या दिव्याखाली तो सहसा काहीशे लक्सच भरतो.

‘थंड पाण्याने डोपामिन अडीचशे टक्क्यांनी वाढतं’

डोपामिन म्हणजे उत्साहाशी जोडलेलं मेंदूतलं एक रसायन. हा आकडा २००० सालच्या एका प्रयोगातला आहे. त्यात तरुण पुरुष १४ अंश सेल्सियसच्या पाण्यात डोकं वर ठेवून एक तास बसले होते आणि मोजलं होतं ते रक्तातलं डोपामिन. रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरत नाही. थंड पाण्याच्या दोन मिनिटांच्या अंघोळीने जाग येते, हुशारी वाटते, एवढं खरं. ज्याला आवडतं त्याने ती खुशाल करावी. हृदयविकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

‘थकवा मनाचा खेळ असतो, दुर्लक्ष करा’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. दुपारी शांत खोलीत आडवं पडल्यावर काही मिनिटांत डोळा लागतो का? मग ती पेंग आहे, आणि शोध झोपेपासून सुरू करायचा. पडून राहावंसं वाटतं, पण झोप लागत नाही आणि अंगात बळ नसतं? मग तो थकवा, आणि रक्त, थायरॉइड, औषधं, मनःस्थिती यांच्याकडे पाहायचं. पेंग मोजायला एपवर्थ प्रश्नावली आहे. आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवा. जोडीला घोरणं, झोपेत श्वास थांबल्याचं कोणी पाहिलेलं असणं, सकाळी डोकं दुखणं किंवा तोंड कोरडं पडणं असेल, तर झोपेची तपासणी हवीच. तासाला पाच किंवा जास्त वेळा श्वास अडकणं हा दोष मानतात, ३० च्या वर तो तीव्र. बारीक माणसांनाही तो होतो.

थकव्यात लोहाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, कारण हिमोग्लोबिन ठीक आलं की अहवाल बाजूला ठेवला जातो. पण साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. साठा कळतो तो फेरिटिन या रक्तचाचणीवरून. २०१२ साली फ्रान्समधल्या एका चाचणीत पाळी चालू असलेल्या १९८ स्त्रिया होत्या. हिमोग्लोबिन व्यवस्थित, फेरिटिन ५० च्या खाली आणि तक्रार थकव्याची. १२ आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह घेणाऱ्यांचा थकवा ४७.७ टक्क्यांनी कमी झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांचा २८.८ टक्क्यांनी. म्हणजे निव्वळ विश्वासानेही बरंच घडतं, पण लोहाने त्याहून स्पष्टपणे जास्त घडलं.

गोळी घेताना चहा-कॉफी निदान तासभर लांब ठेवा. थायरॉइडच्या गोळीत आणि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. रोज घेण्याऐवजी एक दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. याचं कारण हेप्सिडिन हे संप्रेरक. ते गोळीनंतर वाढतं आणि साधारण दिवसभर आतड्यातलं शोषण रोखून धरतं. शरीरात कुठे दाह असेल तर फेरिटिन वर जातं आणि कमतरता झाकली जाते, म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्तचाचणी, पाहावी. तपासल्याशिवाय लोह घेऊ नका. काहींच्या शरीरात ते मुळातच जास्त साठतं, आणि पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत साठा कमी निघाला तर पोटातून रक्त जातं आहे का, हे आधी शोधावं लागतं.

उरलेल्या चाचण्या थोडक्यात: टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, रक्तातली साखर, मूत्रपिंड आणि यकृताचं काम. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइड तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, आकडे चुकीचे येऊ शकतात. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ उतरू शकतं. सर्दीच्या जुन्या पिढीतल्या अ‍ॅलर्जीविरोधी गोळ्या आणि रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या मरगळ आणतात, पण त्या स्वतःहून थांबवू नका, पर्याय विचारा.

हे सगळं व्यवस्थित निघालं तर व्यायामाकडे या, आणि तोही हलका. २००८ साली जॉर्जिया विद्यापीठाच्या एका प्रयोगात सतत थकवा जाणवणाऱ्या बैठ्या लोकांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं सायकल चालवली. हलक्या आणि मध्यम अशा दोन्ही गटांत उत्साह सुमारे २० टक्क्यांनी वाढला. थकवा मात्र हलक्या गटात ६५ टक्क्यांनी उतरला आणि मध्यम गटात ४९ टक्क्यांनी. चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग सुरुवातीला ठेवा.

एका परिस्थितीत मात्र हेही करू नका. थोड्या श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी माणूस पार कोसळत असेल, सावरायला दिवस किंवा आठवडे लागत असतील, आणि झोपूनही ताजेपणा येत नसेल, तर मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस किंवा दीर्घकालीन थकवा विकाराची शंका घ्यायला हवी. विषाणूसंसर्गानंतर हे अनेकांत दिसतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ साली या विकारात टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. इथे श्रम आपल्या मर्यादेच्या आत ठेवायचे असतात. रोज काय केलं, किती वेळ केलं आणि पुढच्या दोन दिवसांत तब्येत कशी राहिली, हे दोन आठवडे तारीखवार लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्ताच्या साध्या अहवालात हा विकार दिसत नाही, निदान त्या नोंदींवरूनच पुढे सरकतं.