इराणमधील दडपशाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इराणमधील दडपशाहीविषयीचा माझा लेख म्हणजे पाश्चात्त्य वाहिन्यांची री ओढणे आहे, तेथील विद्यापीठांत मुली मोठ्या संख्येने शिकतात आणि त्या देशाची खरी कोंडी अमेरिकादी देशांच्या आर्थिक निर्बंधांनीच केली आहे, असे आपण भुसावळहून कळवले आहे. निर्बंधांविषयीचे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. रावेर-यावलच्या केळीला इराणचे गिऱ्हाईक असल्यामुळे त्यांची झळ आपल्या भागालाही ठाऊक आहे. इराणचे तत्कालीन पंतप्रधान मोसाद्देक यांचे सरकार १९५३ मध्ये उलथवण्यात अमेरिका आणि ब्रिटन यांचा हात होता, हेही निर्विवाद आहे.

तथापि, बाहेरून झालेल्या अन्यायामुळे एखाद्या सरकारला स्वतःच्या नागरिकांना तुरुंगात डांबण्याची मुभा मिळते, हे मला पटत नाही. हिजाबच्या नियमावरून पोलिसांनी पकडलेली तरुणी महसा अमिनी कोठडीत कोसळली आणि १६ सप्टेंबर २०२२ रोजी तिचा मृत्यू झाला, तेव्हा निलूफर हमेदी यांनी रुग्णालयातून आणि इलाहे मोहम्मदी यांनी सक्केझ या तिच्या गावी झालेल्या अंत्यविधीतून वार्तांकन केले. दोघीही तेहरानच्या वृत्तपत्रांच्या वार्ताहर, आणि दोघींनाही त्यासाठी कारावास भोगावा लागला.

पाश्चात्त्य माध्यमांवर माझाही आक्षेप आहे. त्यांचा कॅमेरा हिजाबापाशी थांबतो आणि नैर्ऋत्य इराणच्या खुझेस्तान प्रांतातल्या हफ्त तप्पे साखर कारखान्यापर्यंत क्वचितच जातो. थकलेले पगार आणि बंद पडत चाललेला कारखाना म्हणजे काय, हे खानदेशातल्या ऊस उत्पादकाला आणि कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही. हफ्त तप्पेचे २०१५ मध्ये खासगीकरण झाले, पगार थकले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मोठा संप झाला. कामगारांचे प्रतिनिधी इस्माईल बख्शी आणि संपाचे वार्तांकन करणाऱ्या सेपिदे गोलियान यांना अटक झाली. जामिनावर सुटल्यावर बख्शी यांनी कोठडीतील छळाची जाहीर वाच्यता केली, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये सरकारी दूरचित्रवाणीने दोघांचे ‘कबुलीजबाब’ प्रसारित केले आणि त्यांना पुन्हा पकडण्यात आले. पुढे मे २०२१ मध्ये तेथील न्यायव्यवस्थेनेच ते खासगीकरण रद्द केले, म्हणजे कामगारांच्या तक्रारीत तथ्य होते. गोलियान मात्र मार्च २०२३ मध्ये सुटल्या आणि तुरुंगाबाहेर सर्वोच्च नेत्याविरुद्ध घोषणा दिल्यामुळे त्याच दिवशी पुन्हा अटकेत गेल्या.

विदेशी माध्यमे देशाची बदनामी करतात, हा युक्तिवाद आपण भारतीयांनीही ऐकलेला आहे. २६ जून १९७५ नंतर वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला, विदेशी वार्ताहरांना देशाबाहेर काढले गेले आणि आपल्याकडची वडीलधारी माणसे बातमीसाठी रेडिओवर बीबीसी लावू लागली. ती वाहिनी पाश्चात्त्य होती, म्हणून आणीबाणीतील अटका खोट्या ठरल्या नाहीत.

विद्यापीठांतील मुलींचा आपण उल्लेख केलात, तो योग्यच आहे. परंतु अमिनीच्या मृत्यूनंतर पेटलेल्या २०२२ च्या आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्यांत त्याच विद्यार्थिनी मोठ्या संख्येने होत्या. वर सांगितलेल्या अटकांपैकी नेमकी कोणती पाश्चात्त्य माध्यमांनी रचलेली आहे, एवढे आपण कळवावे. मी ते अवश्य वाचेन.