क्लेचं मुंडकं उन्हात वाळवू नका

हॅलोविनला करतात तसं भुताचं मुंडकं एअर ड्राय क्लेचं, म्हणजे न भाजता हवेत वाळणाऱ्या मातीचं करा, कडक उन्हात ठेवा, दोन तासांत पक्कं आणि वॉटरप्रूफ होतं, असा मेसेज पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नाटकमंडळींत फिरतोय. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. ही माती पाणी उडून वाळते आणि वाळताना आकसते. उन्हात वरचा थर आधी कडक होतो, आतला ओलाच राहतो. मग नाकाच्या कडेला, डोळ्यांच्या खोबणीत भेगा पडतात. कागदाच्या घट्ट गोळ्याला मास्किंग टेप गुंडाळून त्यावर पातळ थर द्या, सावलीत उलटसुलट करत वाळवा. जाड थराला दोन-तीन दिवसही लागतात, लागू द्या! भेग पडलीच तर ओल्या बोटानं तीच माती भरा. पक्की वाळली तरी पाणी लागलं की ती मऊ पडते. आपली नाटकं थंडीत रात्रभर चालतात, दव पडतं. म्हणून ॲक्रेलिक रंगावर वार्निशचा हात हवाच.