ऐनवेळचा विषय

अभिनंदन! गुलाल धुऊन झाला असेल तर कामाचं बोलू. रस्ता, गटार आणि कचरा या तीन शब्दांवर तुम्ही नगरपरिषदेत निवडून आलात आणि पुढची पाच वर्षंही त्यांच्यावरच काढायची आहेत. खरा रस्ता, खरं गटार आणि खरा कचरा यांचा या व्यवहाराशी फारसा संबंध येत नाही, तेव्हा बिचकू नका. कित्येक नगरपरिषदांत 2022पासून प्रशासकच होता. सभागृह रिकामं, खुर्च्यांवर धूळ, तरी बिलं निघतच होती. तुमच्यावाचून काही अडलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवलं की जबाबदारीचं ओझं निम्मं उतरतं.

पहिलं पथ्य म्हणजे विषयपत्रिका वाचायची नाही. सभेआधी शिपाई जे बाड घरी आणून देतो, त्याची सुरुवातीची दोन पानं चाळा. तिथं शोकप्रस्ताव, अभिनंदनाचे ठराव आणि चौकांची नामकरणं असतात. तुमची जागा ती. चौकाच्या नावावरून दोन तास भांडा, माईक ओढा, सभात्याग करा आणि जेवणाच्या वेळेला परत या. तोवर सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत असतात आणि तेवढ्यात ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ सुरू होतात. त्यावर टिपणी नसते, अंदाजपत्रक नसतं, चार ओळी असतात. कोट्यवधींचं काम चार ओळींत बसवणं ही कला आहे. वाचून होण्याआधी ‘मंजूर, मंजूर’ म्हणा. सूचक-अनुमोदकांच्या जागी तुमचं नाव आलेलं इतिवृत्तात दिसेलच.

निविदेवर बोलायची हौस असेल तर दर विचारा, अटी विचारू नका. दर हा निविदेचा सर्वांत निरुपद्रवी भाग. खरं काम अटी-शर्तींत होऊन गेलेलं असतं. उदाहरणार्थ, डांबराचा प्लांट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत हवा. अट शास्त्रीय आहे, लांबून आणलेला माल वाटेत थंड होतो. आता त्या वर्तुळात एकाच सद्गृहस्थांचा प्लांट निघाला, तर तो भूगोलाचा दोष. कचऱ्याच्या निविदेत ‘एवढ्याच लोकसंख्येच्या शहरात, याच पद्धतीचं काम, सलग तीन वर्षं केल्याचा दाखला’ मागतात. म्हणजे स्थळ हवं, पण याच घरचा आधी जावई असलेलं. तरीही तीन निविदा येतात, स्पर्धा होते. पूर्वी पाकिटं एकाच हस्ताक्षरात यायची. ई-निविदा आल्यापासून तो बोभाटा थांबला. आता फक्त तिघांच्याही पत्रात ‘अनूभव’ असाच लिहिलेला असतो.

कायद्यानं पालिकेच्या कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर सदस्यत्व जातं. म्हणून ठेकेदाराच्या कार्यालयात चहासुद्धा घेऊ नका. त्याला घरी बोलवा.

रस्त्याचा क्रम मात्र पाठ करा. आधी काँक्रीट, मग जलवाहिनी, मग मलनिस्सारण, शेवटी केबल. उलटा क्रम लावला तर रस्ता एकदाच करावा लागतो, मग उरलेली चार वर्षं फीत कशाची कापणार? काँक्रीटला अपेक्षित ताकद यायला 28 दिवस धरतात. वाफे करून त्यात पाणी साठवावं लागतं, नारळ फोडायला आलेल्यांचे बूट भिजतात, म्हणून तेवढं थांबू नये. खोदाईवर लोक बोंबलतील. त्यांना तिचं मर्म कळत नाही. दोष दायित्वाच्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं तो फुकट दुरुस्त करायचा असतो. पण पाणीपुरवठा विभागानं मधून एक चर मारला की दोष कोणाचा, दायित्व कोणाचं, हा प्रश्न तात्त्विक होऊन बसतो. चर जितका लवकर, तितकी सुटका लवकर.

आता कचरा, म्हणजे खरी दुभती गाय. घनकचरा 1992च्या 74व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत आला, म्हणजे संविधानानंच तो तुमच्या ओटीत टाकलाय. ठेका बहुधा टनावर असतो, आणि हे एकदा नीट समजलं की बाकी सगळं आपोआप उमगतं. जेवढा कचरा जास्त, तेवढं बिल मोठं. म्हणजे शहर स्वच्छ होणं हे ठेक्याच्या मुळावर येणं. नियम 2000 साली आले, 2016 साली पुन्हा आले आणि ओला, सुका, घरगुती घातक असं घरातच वेगळं करा म्हणून सांगू लागले. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला, आणि वजन त्यालाच. उद्या घरोघरी कुंडीत खत व्हायला लागलं तर ठेकेदाराच्या मुलाबाळांनी काय करायचं? दोन बादल्या घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या त्या वहिनींना बोलून दुखवू नका. घंटागाडीत दोन कप्पे आहेत, ते त्यांना दाखवा. दोन्ही कप्पे डेपोवर एकाच खड्ड्यात रिकामे होतात, ते बघायला वहिनी येत नाहीत.

वजनकाट्याकडे फिरकू नका. पावसाळ्यात वजन वाढतं, ते पाण्यामुळं. उन्हाळ्यात वाढतं, ते तळाशी असलेल्या मातीमुळं. पाडलेल्या भिंतींच्या राडारोड्यासाठी 2016मध्येच वेगळे नियम झाले, पण त्यालाही बिचाऱ्याला कुठंतरी जावंच लागतं.

डेपोवर डोंगर झाला की बायोमायनिंगचा ठराव आणा. म्हणजे जो कचरा नेऊन टाकायला पैसे दिले, तोच उपसायला पुन्हा द्यायचे. इकडून उपसताना तिकडून नवा पडत राहील एवढं बघा, नाहीतर काम संपेल. 1927पासूनच्या देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी 2016मध्ये आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. आपला डेपो एवढा नाव काढणार नाही, पण धुरामुळं ‘तातडीची बाब’ म्हणता येतं, आणि तातडी म्हटली की निविदेचं सोवळं पाळावं लागत नाही.

ठेक्याची मुदत संपतच असते. नवी निविदा ‘तांत्रिक कारणास्तव’ तयार नसते, कचरा तर थांबत नाही, सबब मुदतवाढ. पहिली तीन महिन्यांची. दुसरीला कारण विचारायचं नसतं, तिसरीला मुदत.

परवा सर्वसाधारण सभा आहे. विषय क्रमांक एकला तुमच्या चौकाचं नाव आहे, कडाडून बोला. चष्मा घरी राहिला तरी हरकत नाही. सह्यांचा कागद फिरत येईल, त्यावर बोट कुठं ठेवायचं ते शेजारचे जुने सदस्य दाखवतील.